कशासाठी थांबायचं, याची यादी

माझ्या कामाच्या फायलींमध्ये एक तक्ता असतो. त्याला आम्ही ट्रिप लिस्ट म्हणतो. वीज केंद्रात काय बिघडलं की काय आपोआप बंद पडलं पाहिजे, याची ती यादी. डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी फार खाली गेलं: बॉयलर बंद. भट्टीतली ज्योत विझली: बॉयलर बंद. टर्बाइनच्या बेअरिंगला तेल कमी पडलं: टर्बाइन बंद. इथे चर्चा नसते. ऑपरेटर जागा असो की पेंगत असो, साहेबांचा फोन येवो न येवो, यंत्रणा स्वतःच ठरवते आणि ५०० मेगावॉटचं धूड काही सेकंदांत गप्प होतं.

दीड वर्षापूर्वी अशाच एका यादीत मला एक ओळ दिसली. ‘कार्बन कॅप्चर प्लांट बंद पडला: बायपास डॅम्पर उघडा. बॉयलरवर परिणाम: काही नाही.’

मी पुण्यात एका कंपनीत काम करते. परदेशातल्या वीज केंद्रांसाठी आम्ही सिम्युलेटर बनवतो. पायलटला जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये बसवून शिकवतात ना, तसंच. फक्त इथे समोर विमान नसतं, बॉयलर आणि टर्बाइन असतात. या प्रकल्पात कोळशाच्या युनिटला कार्बन पकडणारा प्लांट जोडलेला होता आणि तो कसा हाताळायचा हे ऑपरेटरांना शिकवायचं होतं. यादीतली ती ओळ तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले. घरी येताना बसमध्ये ती परत आठवली.

साध्या भाषेत तिचा अर्थ असा: धुरातला कार्बन पकडणारं यंत्र बंद पडलं, तर धूर थेट चिमणीतून सोडा आणि वीज बनवत राहा.

आपण कशासाठी थांबतो यावरून आपल्याला काय मोलाचं वाटतं ते कळतं. मग ज्या गोष्टीसाठी आपण थांबतच नाही, तिच्याबद्दल दिलेल्या वचनाला काय अर्थ उरतो? हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाहीये.

वाफ एकच, मागणारे दोन

आधी हे यंत्र काय करतं ते सांगते, कारण नैतिक प्रश्न त्याच्या नळांमध्येच दडलाय.

कोळशाच्या धुरात साधारण १२ ते १४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हा धूर आधी थंड करतात, त्यातला गंधकाचा वायू धुऊन काढतात आणि मग एका उंच मनोऱ्यात खालून वर सोडतात. वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी खाली झिरपत येतं. अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं. हे भरलेलं पाणी दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन ११०-१२० अंशांपर्यंत तापवलं की ते धरलेला वायू सोडून देतं. तो वायू दाबून नळातून जमिनीखाली पाठवायचा. रिकामं झालेलं अमाइन थंड करून पुन्हा पहिल्या मनोऱ्यात. असं चक्र दिवसरात्र चालू.

खरी मेख आहे ती तापवण्यात. एक टन कार्बन डायऑक्साइड अमाइनमधून सोडवायला नेहमीच्या रसायनाला साधारण ३ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. ती येते टर्बाइनकडे निघालेल्या वाफेतून. म्हणजे जी वाफ वीज बनवणार होती, तीच इथे खर्च होते. पंप, पंखे आणि वायू दाबणारे कॉम्प्रेसर यांची वीज वेगळीच. कोळशाचं ५०० मेगावॉटचं युनिट पूर्ण भाराने चाललं तर तासाला ढोबळमानाने साडेचारशे टन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. त्यातला ९० टक्के पकडायचा, तर विजेचा जवळपास पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त सोडून द्यावा लागतो.

आता संध्याकाळचे सात वाजलेत असं समजा. घरोघरी एसी लागलेत, सौर वीज मावळलीय, ग्रिडवर ताण आहे, विजेचा भाव चढलाय. ऑपरेटरसमोर एक व्हॉल्व्ह आहे. दुसऱ्या मनोऱ्याकडे जाणारी वाफ त्यातून जाते. तो बंद केला की ती वाफ टर्बाइनला परत मिळते आणि काही सेकंदांत वीज वाढते. ग्रिड सांभाळणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार कामाची गोष्ट आहे. इतक्या झटपट वीज वाढवणारी साधनं कमी असतात.

कार्बनवरची पकड मात्र त्याच क्षणी सुटत नाही. मनोऱ्यांत आणि टाक्यांत थोडं रिकामं अमाइन शिल्लक असतं. ते भरत जातं, हळूहळू त्याची धरण्याची ताकद संपते आणि मग चिमणीतला आकडा चढायला लागतो. फायदा सेकंदांत दिसतो, नुकसान मिनिटांनी. सिम्युलेटरवर मी स्वतः तो व्हॉल्व्ह कितीदा बंद केलाय याची गणती नाही. बंद केल्यावर पडद्यावर आधी सगळं हिरवंच दिसतं. मेगावॉट वर, कार्बनची पकड अजून ९० टक्के. त्या काही मिनिटांत आपण फुकटात काहीतरी मिळवलं असं खरोखर वाटतं.

आमच्या सिम्युलेटरमध्ये गुण देण्याची पद्धत होती. लोड ठरल्यापेक्षा कमी दिलं की गुण कापायचे. अमाइन जास्त तापवून खराब केलं की कापायचे. वाफ वाया घालवली की कापायचे. चिमणीतून सुटलेल्या कार्बनसाठी त्या संध्याकाळच्या सरावात काहीच कापायचं नव्हतं, कारण त्याचा हिशेब लांब पल्ल्याच्या सरासरीत धरला होता. म्हणजे आम्ही ऑपरेटरला यंत्र शिकवत होतो आणि त्याच्यासोबत, एक शब्दही न बोलता, हेही शिकवत होतो की अडचणीच्या वेळी आधी काय सोडायचं.

९० टक्के, पण कशाचे?

हे फक्त माझ्या पडद्यावरचं नाटक आहे असं वाटत असेल तर दोन खऱ्या जागांकडे बघा.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात एस्टेव्हन गावाजवळ बाउंडरी डॅम नावाचं कोळशाचं वीज केंद्र आहे. त्याच्या तिसऱ्या युनिटला ऑक्टोबर २०१४ मध्ये कार्बन पकडणारा प्लांट जोडला गेला. व्यावसायिक आकाराचा जगातला असा पहिलाच. वर्षाला १० लाख टन पकडायचं उद्दिष्ट होतं. एका वर्षाने, २०१५ मध्ये, बाहेर आलं की प्लांट क्षमतेच्या साधारण ४० टक्केच चालतोय. नवं तंत्र होतं, अडचणी येणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण यातली दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. पकडलेला वायू एका तेल कंपनीला विकायचा करार होता. जुन्या तेलक्षेत्रात तो दाबून सोडला की खडकांत अडकलेलं तेल वर येतं. ठरलेला वायू पोहोचला नाही म्हणून सरकारी वीज कंपनीला त्या तेल कंपनीला दंड भरावा लागला. वायू कमी मिळाल्याबद्दल भरपाई मागायला एक ग्राहक होता, त्याच्याकडे करार होता. तोच वायू ज्यांच्या डोक्यावर जमा झाला त्यांच्याकडे करार नव्हता.

दुसरी जागा टेक्सासात, ह्यूस्टनजवळ. डब्ल्यू. ए. पॅरिश वीज केंद्राच्या आठव्या युनिटला २०१७ च्या सुरुवातीला पेट्रा नोव्हा नावाचा कॅप्चर प्लांट जोडला. धुरातला ९० टक्के कार्बन पकडणारा, असं त्याचं वर्णन केलं जायचं आणि ते खोटं नव्हतं. फक्त तो ९० टक्के युनिटच्या सगळ्या धुराचा नव्हता. सुमारे २४० मेगावॉट विजेइतका धूर वेगळा काढून त्यातल्या ९० टक्क्यांची ती गोष्ट होती. कॅप्चरला लागणारी वाफ आणि वीज पुरवायला शेजारी गॅसवर चालणारी वेगळी टर्बाइन बसवली होती आणि तिचा धूर पकडला जात नव्हता. इथलाही वायू तेल काढायलाच जायचा. मे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले, वायू पकडणं परवडेना, प्लांट थांबवला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. तो थांबला म्हणून कोळसा जाळणं थांबलं नव्हतं.

दोन्हीकडे कुणी दुष्ट माणूस शोधायला मी निघालेले नाही. दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी खूप अवघड काम करून दाखवलंय आणि त्यांच्या चुकांवर माझ्यासारख्यांचं पोट चालतं. मला फक्त रचना दिसते. कोळसा, वीज आणि तेल ही साखळी एकमेकांत घट्ट अडकवलेली आहे. कार्बनची पकड तिला वरून चिकटवलेली आहे. ओढ बसली की आधी काय सुटणार हे त्या रचनेतच ठरलेलं आहे.

एकेक टक्का

पण थोडा कार्बन सुटला तर नेमकं कुणाचं काय बिघडलं? ऑफिसात जेवताना मी हे बोलले तेव्हा एका सहकाऱ्याने हेच विचारलं. प्रश्न वाजवी आहे. एका संध्याकाळी तीन तास वाफ बंद ठेवली, हजारभर टन जास्त सुटले. जग वर्षाला अब्जावधी टन सोडतं. या हजार टनांनी कुठली दरड कोसळली, कुणाचं शेत वाहून गेलं, हे कुणीच दाखवू शकणार नाही.

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या पुस्तकात एक भयंकर कल्पना मांडलीय. हजार छळ करणारे आहेत आणि हजार बळी. पूर्वी प्रत्येक छळ करणारा आपल्या एका बळीच्या यंत्राची कळ हजार वेळा फिरवायचा. एकेका वेळी फरक जाणवायचा नाही, पण शेवटी वेदना असह्य व्हायची. मग त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येकजण एक बटण दाबतो आणि त्याने हजारही यंत्रांची कळ फक्त एकदा फिरते. बळींना शेवटी तेवढीच वेदना होते. पण आता प्रत्येक छळ करणारा म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणालाही जाणवेल इतकंसुद्धा दुखलेलं नाही. पारफिट विचारतो, म्हणून ते निर्दोष झाले का?

अर्थातच नाही. पण मला या गोष्टीत छळापेक्षा बटणाची रचना जास्त महत्त्वाची वाटते. कुणीतरी ती यंत्रं अशी जोडली की प्रत्येकाचा वाटा जाणवण्याच्या पलीकडे पातळ व्हावा. ऑपरेटर ज्या पडद्यावर काम करतो तो पडदाही कुणीतरी बनवलेला असतो. सेटपॉइंट ९० वरून ८९ करता येतो, मग ८८. प्रत्येक वेळी कारण खरं असतं: आज पाणी गरम आहे, आज अमाइन जुनं झालंय, आज मागणी जास्त आहे. कुठल्याच एका क्षणी वचन मोडल्यासारखं वाटत नाही आणि वर्षअखेरीस ते मोडलेलं असतं. हा पडदा बनवणाऱ्यांपैकी मी एक आहे.

बाबांचं म्हणणं

माझे बाबा विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात कंट्रोल रूमला होते. आम्ही केंद्राच्या कॉलनीत वाढलो. वारा फिरला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, हे आईला घड्याळ बघण्याइतकं सवयीचं होतं. अंगणातल्या तुळशीच्या पानांवर बोट फिरवलं की करडं व्हायचं. बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून जेवताना दिवे एकदा मंद झाले तरी त्यांचा घास हातात थांबतो.

त्यांना मी ती ओळ वाचून दाखवली आणि म्हटलं, “बाबा, कॅप्चर बंद पडलं तर बॉयलरही बंद पडायला नको का? नाहीतर त्या नव्वद टक्क्यांना काय अर्थ?”

“अगं, वेडी का?” ते म्हणाले. “पाचशे मेगावॉट एकदम पाडशील तर ग्रिडचं काय होईल? दवाखान्यात मशीनवर माणूस असतो. तुझ्या चिमणीसाठी त्याला मारणार का?”

हे उत्तर मी पुस्तकात वाचलं असतं तर बाजूला ठेवलं असतं. पण टेक्सासातच, त्या पेट्रा नोव्हाच्या राज्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळ आलं. गॅस गोठला, वीज केंद्रं एकामागून एक पडली. ग्रिड पूर्ण कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होतं. राज्याच्या अधिकृत मोजणीत २४६ माणसं गेली, त्यातली बरीचशी थंडीने, आपापल्या घरात. अशा रात्री वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून चार मेगावॉट जास्त देणाऱ्या ऑपरेटरला मी चूक म्हणणार नाही. मी तिथे असते तर मीच तो बंद केला असता.

अमेरिकन तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी १९९३ मध्ये एक भेद सांगितला होता: जगण्यासाठी लागणारं उत्सर्जन वेगळं आणि चैनीसाठीचं वेगळं. भात पिकवताना निघालेला वायू आणि हौसेच्या गाडीचा धूर यांना एकाच तराजूत टाकणं अन्याय आहे, असा त्यांचा मुद्दा. तो मला पटतो. अडचण अशी की वीज तारेत शिरली की हा भेद पुसला जातो. व्हॉल्व्ह बंद करून मिळालेली वीज व्हेंटिलेटरला गेली की मॉलच्या रोषणाईला, हे ऑपरेटरला दिसत नाही. त्याला फक्त मागणी दिसते. आणि म्हणूनच ‘दवाखान्यातला माणूस’ हे कारण दर वेळी पुढे करता येतं, रोषणाई चालू असलेल्या रात्रीसुद्धा.

मी हे बोलले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, “एक आयडी फॅन गेला तर आम्ही काय करायचो, सांग.”

बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारे मोठे पंखे म्हणजे आयडी फॅन. साधारणपणे दोन असतात. त्यातला एक बंद पडला तर बॉयलर बंद करत नाहीत. कोळसा आपोआप कमी होतो आणि युनिट जवळपास अर्ध्या भारावर येऊन तिथे चालत राहतं. याला रनबॅक म्हणतात. हे मी रोज वापरते. तरी त्या क्षणापर्यंत मला सुचलं नव्हतं.

“पाडू नको,” बाबा म्हणाले. “उतरव. जेवढं झेपतं तेवढंच चालव.”

उधारी आणि खातं

माझ्या प्रश्नात दोनच पर्याय होते: बंद करा किंवा काहीच करू नका. यंत्रांच्या जगात मधला पर्याय शंभर ठिकाणी आहे. पंखा गेला की लोड उतरवतात, पाण्याचा पंप गेला की लोड उतरवतात. ज्या गोष्टीशिवाय बॉयलरचं चालत नाही, तिच्यासाठी यंत्रणा आपणहून नमतं घेते. कार्बनच्या बाबतीत ‘परिणाम: काही नाही’ हे निसर्गाने लिहिलेलं नाही. कुणीतरी तसं ठरवलं आणि कुणीतरी तपासून सही केली.

मग मी त्या एका ओळीच्या जागी काय लिहीन?

पहिलं म्हणजे, बायपास उघडला की त्याचं मीटर चालू व्हावं. टक्क्यांत नको, टनांत. टक्का सरासरीत लपतो, टन लपत नाही. बाउंडरी डॅमवाल्यांनी पुढे महिन्याला किती टन पकडले हे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायला सुरुवात केली. चांगले महिनेही आणि वाईटही. त्या प्रकल्पाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो या आकड्यांमुळे आहे.

दुसरं, सुटलेलं परत फेडण्याची सोय हवी. तंत्रज्ञानात ती आहे. भरलेलं अमाइन लगेच तापवायची गरज नसते, मोठ्या टाक्या बांधल्या तर ते साठवून ठेवता येतं. संध्याकाळी वाफ टर्बाइनला द्यायची, साठवलेलं रिकामं अमाइन वापरून कार्बन पकडत राहायचं आणि रात्री मागणी उतरली की भरलेलं अमाइन तापवून मोकळं करायचं. किराणा दुकानातल्या उधारीसारखं आहे हे. उधारी वाईट नसते, वहीत लिहिलेली नसली तर वाईट. पण टाक्यांना पैसा लागतो, जागा लागते आणि त्या बांधल्या नाहीत तरी वीज बनायची थांबत नाही. म्हणून बजेट कापताना त्यांच्यावर सगळ्यात आधी कात्री फिरते.

तिसरं, मर्यादा. बायपासमधून ठरावीक टनांपेक्षा जास्त सुटलं आणि ग्रिडने आणीबाणी जाहीर केलेली नसली, तर लोड उतरवायचं. आपोआप, ड्रममधल्या पाण्यासारखं, कुणाच्या धाडसावर न सोडता. आणि आणीबाणी ठरवण्याचा हक्क त्या विजेतून कमाई करणाऱ्याकडे नको.

आपल्या परंपरेत माणूस ऋणं घेऊन जन्मतो असं म्हणतात. त्यातलं पितृऋण मला नेहमी विलक्षण वाटत आलंय, कारण ते ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फेडता येत नाही. ते फेडायचं पुढच्या पिढीला. या हिशेबात ज्याला फेडायचं तो अजून जन्मलेलाही नसतो, तो मागायला येऊ शकत नाही, तरी ऋण खरंच असतं. चिमणीतून सुटलेला कार्बन शतकानुशतकं हवेत परिणाम करत राहतो. त्याचे धनको असेच आहेत. त्यांच्याकडे करार नाही, दंडाची नोटीस नाही. त्यांच्या बाजूने फक्त यादीतली एक ओळ उभी राहू शकते.

आणि हे सगळं मुळातच निमित्त असेल तर?

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई, तू टाक्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या गप्पा मारतेस, पण कार्बन पकडता येतो ही आशाच कोळसा जाळत राहायला निमित्त देते त्याचं काय? ही शंका मला स्वतःला आहे आणि माझा पगार तिच्याच पलीकडून येतो, त्यामुळे माझ्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडचं प्रमाण बघा. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल वीज केंद्रात एनटीपीसीने दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रायोगिक प्लांट उभारला आहे, त्यापासून मिथेनॉल बनवण्यासाठी. प्रयोग म्हणून तो मोलाचा आहे, कुठूनतरी शिकायला सुरुवात व्हायलाच हवी. पण कोळशाचं ५०० मेगावॉटचं एक युनिट तेवढा वायू साधारण तीन मिनिटांत सोडतं. भारताने कार्बनच्या बेरीज-वजाबाकीत शून्यावर येण्याचं वर्ष २०७० दिलंय. त्या वाटेवर असे प्लांट मोठ्या प्रमाणात लागतील असं काही अहवाल म्हणतात.

आणि आपला पूर्वानुभव? धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढायचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदत दोन वर्षांची. मग ती वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट मिळाली. सूट देण्यामागे सरकारची कारणं आहेत, आपल्या कोळशात गंधक कमी असतो हे त्यातलं एक आणि ते खरं आहे. पण गंधकाच्या वायूने अमाइन खराब होतं. तो नीट धुतल्याशिवाय कार्बन पकडणारा प्लांट चालवणं परवडत नाही. पहिली पायरी ऐच्छिक करून आपण दुसरीचं वचन देतोय.

म्हणून मला वाटतं, कॅप्चर प्लांट निमित्त आहे की इलाज, याचं उत्तर त्याच्या मनोऱ्यात सापडणार नाही. ते ट्रिप लिस्टमध्ये सापडेल. जो प्लांट बंद पडल्यावर केंद्र स्वतःला आवर घालतं, तो इलाजाचा भाग आहे. जो बंद पडल्यावर काहीच होत नाही, तो निमित्त आहे, मग चालू असताना तो कितीही टक्के पकडत असो.

सही

बाबांशी बोलल्यावर मी ग्राहकाला एक तांत्रिक शंका पाठवली. कॅप्चर बंद पडल्यास ठरावीक वेळेनंतर रनबॅक ठेवावा का, असं विचारलं. दोन आठवड्यांनी सभ्य उत्तर आलं: सूचना नोंदवली आहे, सध्याच्या कामाच्या कक्षेत बसत नाही. ते खरंही होतं. मूळ केंद्रात जे नाही ते सिम्युलेटरमध्ये घालून कसं चालेल?

एक गोष्ट मात्र त्यांनी मान्य केली. प्रशिक्षणाच्या पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसतो: या शिफ्टमध्ये बायपासमधून सुटलेले टन. त्याला गुण नाहीत. पहिल्याच बॅचमध्ये एका वयस्कर ऑपरेटरने विचारलं, याचे मार्क आहेत का? नाहीत म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि सराव पुढे चालू ठेवला. त्या आकड्याने कुणाचं वागणं बदललं का, हे मला सांगता येणार नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. एका उन्हाळ्यात त्यांच्या केंद्रात राख पकडणाऱ्या यंत्राचे काही कप्पे बंद पडले. राख पकडणं हेही ट्रिप लिस्टमध्ये नव्हतं. रात्रपाळीला त्यांनी वर फोन करून विचारलं, लोड थोडं उतरवू का? नाही म्हणून सांगण्यात आलं, मागणी जास्त होती. सकाळी कॉलनीतल्या गच्च्या करड्या झाल्या. मी तेव्हा चौथीत असेन.

“मग तुम्ही काय केलं?” मी विचारलं.

“लॉगबुकात लिहिलं,” ते म्हणाले. “किती वाजता कप्पे गेले, किती वाजता विचारलं, काय उत्तर आलं. खाली सही केली.”

त्याने एका गच्चीवरचीही राख कमी झाली नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तरी वीस-बावीस वर्षांनी त्यांना त्या नोंदीतली वेळ पाठ होती: दोन वाजून दहा मिनिटं.

माझ्या ट्रिप लिस्टच्या शेवटच्या पानावर ‘तपासणारा’ असा एक रकाना आहे. तिथे माझी सही आहे. ‘बॉयलरवर परिणाम: काही नाही’ या ओळीसकट.